कंडक्टरबाईंचे बूट

५ जानेवारी

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "अहो, रोज संध्याकाळी येऊन माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहा. वही उलटून बोलत नाही." उलटून बोलण्याचा विषय तिनेच काढावा म्हणजे कमाल आहे. असो.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. मोठ्या दुकानाच्या माडीवर बसून आयुष्यभर बूट शिवले. नवरदेव माझे बूट घालून बोहल्यावर चढले, फोटोत आधी बूट दिसायचे आणि मग नवरदेव. दुकान बंद पडलं आणि मी कुठे येऊन पडलो, तर आरोग्य संस्थेत. पुढच्या दोन खोल्यांत पोरांना लशी टोचणं, म्हाताऱ्यांचं रक्त तपासणं वगैरे चालतं. मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे, तिला सगळे 'पायांची खोली' म्हणतात. मला तिथे टाकलंय. तिथली मुख्य म्हणजे सिस्टर. ठेंगणी, आवाज हळू, पण त्या हळू आवाजात नाही म्हणाली की विषय संपला.

सिस्टर म्हणाली, "इथे येणाऱ्यांना साखरेचा आजार आहे. बऱ्याच जणांच्या पायांतली जाणीव गेलीय. त्यांच्यासाठी बूट हवेत." मी म्हटलं, "बूट म्हणजे आपल्या हातचा मळ. काळजी सोडा."

एक प्रकार मात्र बघवला नाही. समोरासमोर दोन बाकं. माणसं जोडीजोडीने बसतात आणि एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन तळवे न्याहाळतात. एक पेन्शनर साहेब, इस्त्रीचा सदरा, जाड भिंगाचा चष्मा, आणि भाजीवाल्या मावशीचा तळवा नाकाशी धरून बघतायत. मावशी त्यांना म्हणते, "टाचेकडे नीट बघा हो, मागच्या वेळी घाई केलीत." मी सिस्टरकडे बघितलं. ती म्हणाली, "स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो." तर्क बरोबर आहे. पण माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर मालक जिन्यावरून खाली पडला असता.

९ जानेवारी

आज माझं पहिलं गिऱ्हाईक. सिस्टर म्हणते पेशंट म्हणा. मी गिऱ्हाईकच म्हणणार.

बाई बसवर कंडक्टर आहेत. दारात चार माणसं उभी होती, त्यांना म्हणाल्या, "आत चला, मध्ये जागा आहे," आणि चौघंही निमूट आत सरकली, ज्यांना घरी जायचं होतं तीसुद्धा. खणखणीत आवाज. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. बस हेच घर, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम आहे. नाण्याएवढी. मोठ्या रुग्णालयात सांगितलंय की ती हाडापर्यंत गेली तर अर्धं पाऊल काढावं लागेल. सध्या त्या रजेवर आहेत. डेपोवाले म्हणतात, पासाच्या खिडकीत बसा. "खिडकीत बसून मी काय करू?" त्या म्हणाल्या. "मला उभं राहून पगार घ्यायची सवय आहे. कारागीर, मला परत बसमध्ये उभी करा."

मी म्हटलं, "बाई, धावत्या बसमध्ये चढाल." मापं घेतली. पाऊल रुंद, चवडा पसरट, बोटं थोडी वाकलेली. अशा पायाला देखणा बूट बसवणं हीच तर माझी कला.

१६ जानेवारी

आज कंडक्टरबाईंना बूट दिले. काय उतरलेत. तपकिरी, चोचीला हलकी लकेर, शिवण अशी की बोट फिरवलं तर कळणार नाही. पायांच्या खोलीतली सगळी मंडळी उठून बघायला आली. पेन्शनर साहेब म्हणाले, "वा."

सिस्टर घरभेटीला गेली होती. मी नेहमीप्रमाणे बाईंना खोलीत चालवलं आणि विचारलं, "कुठे चावतात का?" त्या म्हणाल्या, "छे हो, लोण्यासारखे आहेत." मी परत विचारलं, करंगळीला? टाचेला? त्या म्हणाल्या, कुठेच नाही. इतकं समाधानी गिऱ्हाईक दुकानातही मिळालं नव्हतं. बूट घालूनच घरी गेल्या.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्याच जोडाला कुठेच चावले नाहीत? नवल आहे." कौतुक करायला जीभ जड होते तिची.

१९ जानेवारी

लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

कंडक्टरबाई आल्या. बूट काढला, मोजा काढला. करंगळीची बाहेरची कातडी सोलून निघाली होती. मोजा ओला. आणि बाई हसत हसत सांगतायत की काल अख्खा बाजार फिरले, काही त्रास नाही. मोज्याकडे बघितलं तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला.

सिस्टरने बाईंना टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक ताठ धागा आहे तिच्याकडे. म्हणाली, "पायाला लागलं की 'हो' म्हणायचं." मग त्या धाग्याने अंगठा दाबला. बोटं दाबली. चवडा, टाच. धागा वाकेपर्यंत दाबत होती. बाई गप्प. सगळं झालं, सिस्टरने धागा खिशात ठेवला, हात धुतले. बाई डोळे मिटूनच होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सिस्टर, कधी सुरू करताय?"

आयुष्यभर गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत आलो, चावतात का. ज्या पायाला काहीच कळत नाही त्याच्या मालकिणीला मी तीनदा विचारलं आणि तिचं उत्तर छातीवर बिल्ल्यासारखं लावून घरी आलो.

२० जानेवारी

नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेलो होतो. सिस्टर म्हणाली, "बसा," आणि माझा हात धरून उलटा केला, पालथ्या बाजूने एका म्हाताऱ्याच्या पायावर ठेवला. "इथे काय लागतं?" कोमट. "आणि इथे?" गरम. "तिथे बूट दाबतोय. कातडी सोलायच्या आधी तापते. गिऱ्हाइकाला विचारू नका, पायाला विचारा."

गिऱ्हाईक म्हणाली ती, माझ्यासाठी. दुपारभर मी लोकांच्या पायांवर हात ठेवत फिरलो. नोकरी सोडायचं राहूनच गेलं.

२ फेब्रुवारी

नवा जोड तयार. या वेळी कला गेली खड्ड्यात. चवडा ऐसपैस, पट्टे रुंद, आत बोटभर मऊ रबर, आणि जखमेच्या बरोबर खाली एक खळगा, म्हणजे तिथे भारच पडणार नाही. दिसायला दोन होड्या. पण सिस्टरने आत हात घालून सगळीकडे चाचपलं आणि म्हणाली, "असे हवेत." बाईंनी अर्धा तास घातले, काढले, मी पालथा हात फिरवला. कुठेही गरम नाही. मला तर नाचावंसं वाटलं.

सिस्टरने बजावलं, घरातसुद्धा हेच घालायचे, अनवाणी एक पाऊल नाही. बाईंनी बूट हातात घेऊन इकडून तिकडून बघितले. "चांगले आहेत हो," म्हणाल्या. आज त्यांचा आवाज जरा बसलेला होता. थंडीचे दिवस आहेत.

१६ फेब्रुवारी

कंडक्टरबाई तपासणीला आल्या होत्या. बूट बघून मी थक्क. रोजचा वापर, आणि सोल जसाच्या तसा. कडा झिजलेली नाही, टाच घासलेली नाही. सिस्टरला बूट उलटा करून दाखवला, म्हटलं, "बघा, माल याला म्हणतात." तिने बूट हातात घेतला, सोलकडे बराच वेळ बघितलं, मग बाईंकडे बघितलं. म्हणाली, "हो, अगदी नवा दिसतोय." बाई लगेच हवेबद्दल बोलायला लागल्या. सिस्टरसारख्या मोजून बोलणाऱ्या बाईकडून असं ऐकलं की बरं वाटतं.

जखम मात्र तेवढीच आहे. खळगा आणखी खोल करून दिला.

२ मार्च

डॉक्टर सोमवारी येतात. पोरसवदा आहेत, पण हात हलका. त्यांनी जखमेत सळई घालून खोली बघितली आणि गंभीर झाले. जखम वाढलीय. आणखी तीन आठवडे बघू, नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल. तिथे पाठवणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि पिशवी उचलून निघाल्या. दारातल्या माणसांना आत चला म्हणाल्या नाहीत.

रबर बदलून झालं, खळगा बदलून झाला. घरी येऊन बायकोपुढे सगळं ओकलो. म्हटलं, बुटात काही खोट असती तर सोलवर दिसली असती, पण सोल तर अजून कोरा करकरीत. ती भांडी लावत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "अहो, ती घालतच नाही."

मी म्हटलं, काहीतरीच.

"तुम्ही सांगता त्या होड्या मी घातल्या असत्या का?"

कपाळावर हात मारून घेतला. सिस्टरच्या 'अगदी नवा'चा अर्थ आत्ता कळला. पंधरा दिवस मी ते कौतुक म्हणून मिरवत होतो. आणि या बयेला भांडी लावता लावता कळलं.

३ मार्च

सकाळी तडक बाईंच्या घरी गेलो. सिस्टर बरोबर आली. म्हणाली, "रागावायचं नाही." मी म्हटलं, मी कुठे रागावतो. ती नुसती हसली.

बूट पलंगाखाली होते. बाईंच्या पायात जुन्या, पट्टा तुटायला आलेल्या चपला. मी आवाज चढवलाच. "पाय तुमचा जायचाय बाई, माझा नाही."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी घातले होते. तेच घालून बसमध्ये चढले, माझ्याच मार्गावरच्या. एक म्हातारे गृहस्थ माझे पाय बघून उठले. म्हणाले, बसा ताई. कंडक्टरला जागा दिली, कारागीर. मी वीस वर्षं त्या बसमध्ये लोकांना जागा करून दिलीय." एवढं बोलून त्या उठून आत गेल्या, पाणी आणायला म्हणून, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी आणि सिस्टर त्या रिकाम्या खोलीत बसून राहिलो. परतताना सिस्टरला म्हटलं, "मला चार दिवस द्या. आत तुम्ही म्हणाल तसा, बाहेर मी म्हणेन तसा."

४ मार्च

दिवसभर डेपोच्या फाटकाशी उभा राहून कंडक्टर लोकांचे पाय बघितले. पहारेकऱ्याला संशय आला, तो दोनदा हटकून गेला. गणवेशाचा बूट काळा, साधा, बुटका, पुढे आडवी शिवण. माझा बूट आतल्या रबरामुळे दुप्पट उंच होणार. उंच वस्तू बुटकी दाखवायची कशी, हे मात्र मला कुणी शिकवायला नको. बुटक्या नवरदेवांना उंच आणि ताडमाड नवरदेवांना बेताचं दाखवण्यात माझी हयात गेलीय. आडवी शिवण खाली घ्यायची, सोलची कड काळी करायची, चवड्याची रुंदी सावलीत लपवायची. नजर फसते. पायाला फसवायचं नाही, एवढंच.

७ मार्च

जोड शिवून झाला. आता प्रश्न असा की बाईंच्या पायाला काही कळत नाही. पालथा हात आहे, पण तोवर अर्धा तास पाय आत असतो, आणि या पायाला आता अर्धा तासही जोखमीचा आहे. ज्याला लागतं अशा कुणीतरी आधी घालायला हवेत. बाईंच्याच मापाचं कुणीतरी. आणि ज्याला जरा म्हणून सहन होत नाही असं.

समोर बायको बसली होती.

तिचं माप मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कधी घ्यावंच लागलं नाही, ती बाजारातून प्लॅस्टिकच्या चपला आणते. पाय बाईंच्या मापाच्या लाकडी फर्म्याला लावून बघितला तर बरोबर तोच. म्हटलं, दिवसभर घाल आणि काय खुपतं ते सांग. ती म्हणाली, "सगळं सांगू?" मी म्हटलं, सगळं.

८ मार्च

करंगळीशी अस्तराची घडी लागते. टाच ढिली. बुटाच्या जिभेची कड नडगीला घासते. डावा उजव्यापेक्षा घट्ट. शिवणीची एक गाठ आतून टोचते, कुठली ते पेन्सिलने खूण करून दाखवलं. एरवी मी कानात बोटं घातली असती. आज पहिल्यांदा शेजारी बसून, रापीने कापत, परत शिवत एकेक तक्रार ऐकली. प्रत्येक वेळी ती घालून चालायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. मधेच ती म्हणाली, "असं बघत काय बसलाय?" मी म्हटलं, काम करतोय. तिला का हसू आलं कळलं नाही.

संध्याकाळी तिने खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "आता काही नाही." तिच्या तोंडून 'काही नाही' ऐकलं म्हणजे मला सुवर्णपदक मिळालं.

१० मार्च

बाईंनी बूट बघितले. घातले, आरशासमोर उभ्या राहिल्या, एक हात वर करून बसची दांडी धरल्यासारखा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे दिसतात आमचे."

सिस्टरने आत हात घातला. सगळीकडून चाचपलं. मान हलवली.

२३ मार्च

तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी सळई घातली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. पेन्शनर साहेब आणि भाजीवाल्या मावशी तपासण्या झाल्या तरी घरी गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "कमी झालीय." सिस्टरने स्वतः बघितलं. "बरीच," म्हणाली.

बुटाचा सोल उलटा करून बघितला. टाच घासलीय, कड झिजलीय, मधे एक खडा रुतलाय. इतका सुंदर सोल मी आयुष्यात बघितला नाही.

बाईंसाठी बदलीचा दुसरा जोड शिवून बायकोकडे तपासायला दिलाय, तो ती परत करत नाहीये. म्हणते, अजून तपासायचंय. काय तपासायचं राहिलंय देव जाणे. रोज घालून फिरते.

२० एप्रिल

जखम भरली. वर नवी कातडी, गुलाबी, पोराच्या गालासारखी. डॉक्टरांनी बोट फिरवलं, सिस्टरने फिरवलं, मग सिस्टर मला म्हणाली, "कारागीर, तुम्हीपण बघा." मी पालथा हात ठेवला. थंड. शेजारच्या कातडीइतकीच. मी नाक शिंकरायला बाहेर गेलो, बाकीचे आत हसत होते.

सिस्टरने बाईंना ठणकावलं की जखम भरली म्हणजे संपलं असं नाही. पाय आयुष्यभर असाच मुका राहणार, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बघायचं. बाई म्हणाल्या, "आमचा ड्रायव्हर बघेल. इतकी वर्षं आरशात मागची गर्दी बघतोय, माझा तळवा काय अवघड आहे त्याला."

१८ मे

मागच्या आठवड्यात डेपोच्या साहेबांचा निरोप आला. रजेच्या कागदांसाठी डेपोत गेलेल्या बाईंच्या पायातला बूट बघून आणखी कंडक्टर-ड्रायव्हर मागायला लागलेत, आजार नसलेलेसुद्धा, कारण दिवसभर उभं राहून मऊ लागतो म्हणे. सिस्टरने तेवढ्यात डाव साधला. म्हणाली, बूट हवे तर आधी सगळ्यांनी पाय दाखवायचे. काल अख्खा डेपो अंगणात बाकं टाकून बसला होता, एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन. दोघांच्या तळव्याला जखमा सापडल्या, त्यांना पत्ताच नव्हता. अजून लहान आहेत, भरतील.

कामाला माणूस कमी पडतोय. सिस्टरने बायकोला विचारलं, बूट तपासायला येता का, पगारावर. ती हो म्हणाली. आता घरातही तक्रारी आणि कामावरही. पण आजकाल तक्रार ऐकल्याशिवाय माझा हात चालत नाही, ही गोष्ट खरी आहे.

१ जून

कंडक्टरबाई आज कामावर रुजू झाल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, सुरुवातीला छोटा मार्ग. सकाळी सिस्टर, बायको, पेन्शनर साहेब, मावशी, सगळे फाटकाशी गेले होते. मी गेलो नाही. पट्टे कापायचे होते. खोटं का लिहू, धीर झाला नाही.

१४ जून

आज धीर करून त्यांच्या बसने निघालो. गाडी खच्चून भरलेली. लांबूनच आवाज आला, "पुढे सरका, मध्ये जागा आहे, पुढे सरका." माणसं सरकत होती. कुणी उठून कुणाला जागा दिली नाही.

माझ्यापर्यंत आल्या, ओळखलं. मला वाटलं, तिकीट राहू द्या म्हणतील. म्हणाल्या, "कारागीर, सुटे द्या." दिले. तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला, त्या तोल सावरायला एक पाऊल मागे आल्या आणि ते पाऊल माझ्या पायावर टेकलं. उजवं. अख्ख्या भारानिशी. आणि तिथेच उभ्या राहिल्या. कॉलेजच्या पोरीला तिकीट दिलं, एका मामांशी थांब्यावरून वाद घातला, दोन पोरांना दारातून आत ओढलं. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. माझी बोटं चेचली जात होती. तो सोल मी स्वतः जाड कापलाय.

शेजारच्या माणसाने माझ्या डोळ्यांकडे बघून विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, फार बरं वाटतंय. माझा थांबा आला, दार उघडलं, लोक उतरले, दार लागलं. मी पाय काढला नाही.